तेरा टपल्या

२७ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळी ६ वाजून १० मिनिटं
टोरेन्स खाडी

कॉर्बिन,

आत्ता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहीची नक्कल काढत होतो. अकरा जानेवारीची दोन पानं. पथकप्रमुख नायगार्ड बाईंनी बचाव पथकासाठी एक प्रत मागितली आहे आणि एक तुला पाठवायला सांगितली आहे. तिसरी मी माझ्याकडे ठेवणार. प्रत्येक प्रत दोनदा ताडून पाहिली, त्यात पावणेदोन तास गेले. साडेसातला गोदीवर बर्फाचं यंत्र सुरू करायचं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा केला. बारावा करणार नाही.

तुझी आई म्हणाली, त्या दिवसाचं तुला काहीच आठवत नाही, गाडीतून उतरल्याचंसुद्धा नाही, आणि डॉक्टर म्हणतात की ते आता आठवणारही नाही. म्हणून जे झालं ते क्रमाने देतो.

मॅरेनच्या गाडीतून आपण तिघं ५:४० ला निघालो. लाकूडतोडीच्या रस्त्यावर जिथे बर्फ सुरू होतो तिथल्या फाटकापाशी ७:०५ ला पोचलो. छातीवरची, बर्फाखालून माग देणारी बीकन यंत्रं एकमेकांची तपासली. तिन्ही चालू होती. बर्फावरच्या बोर्डांच्या दोन-दोन फळ्या करून, खाली चढणीच्या पट्ट्या लावून चढायला लागलो. खाडीवर धुकं होतं, वर आकाश मोकळं. मॅरेनच्या पट्ट्यांचा डिंक सुटत होता, ती मागे पडली. तू आणि मी ११:०५ ला माउंट ऑर्डवेच्या खांद्यावर पोचलो. बर्फ तपासायचा खड्डा मी खणला, नेहमीप्रमाणे. वहीत असं आहे:

उंची १४१० मीटर. उतार उत्तरेचा. तापमान उणे चार. वारा नाही. नाताळातल्या पावसाची गोठलेली काच, तिच्यावर बासष्ट सेंटिमीटर नवा बर्फ. खांब तेराव्या टपलीला तुटला. तुटलेला भाग टेबलाचा खण सरकावा तसा पुढे आला.

नायगार्ड बाईंनी आपला नियमही लिहून मागितला होता. मी असा लिहिला: वीतभर चौरस खांब कापायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि मारायचं. दहा टपल्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. पहिल्या दहात तुटला तर घरी. दुसऱ्या दहात तुटला तर फक्त झाडांतून उतरायचं. वीसच्या पुढे टिकला तर मोकळा उतार. खणणारा आकडा मोठ्याने सांगतो, बाकीचे पुन्हा विचारत नाहीत. हा नियम तीन हिवाळ्यांपूर्वी तू केला होतास, हेही त्यात लिहिलं. ते लिहायला नको होतं असं आता वाटतं.

तेरा म्हणजे झाडं. तू डावीकडे मोकळ्या उतारावर गेलास. तिसऱ्या वळणाला थर सुटला आणि तुला घेऊन खाली गेला, ११:४२. मी वर उभा होतो, बोर्ड बांधून, तुझ्या मागून उतरायच्या तयारीत. मॅरेन त्याच वेळी वर पोचली. आम्ही दोघं खाली गेलो. तुझ्या बीकनचा आवाज मला आधी मिळाला, बर्फात खुपसायची सळई तिची लागली. एक मीटर दहा सेंटिमीटर खाली. ११:५३ ला तुझं तोंड मोकळं झालं. ओठ निळे होते. मॅरेनने तोंडातला बर्फ बोटाने काढला, तेव्हा तू तिचं बोट चावलंस. ती अजून सगळ्यांना दाखवत फिरते.

पथकाची बैठक २६ फेब्रुवारीला आहे. तुला पथकात ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरेल. नायगार्ड बाई मला म्हणाल्या, "दुसऱ्यांना वाचवायला जाणारा माणूस स्वतःचाच नियम मोडत असेल, तर त्याच्यामागून मी कुणाची पोरं डोंगरावर पाठवू?"

तुझं पिवळं जाकीट अजून पथकाच्या खोलीत तुझ्याच खुंटीवर आहे, तुझ्या वडिलांच्या फोटोखाली. मी पाहून आलो.

एल्डन


५ फेब्रुवारी, बुधवार, दुपारी १२ वाजून २० मिनिटं
गोदी, जेवणाची सुट्टी

कॉर्बिन,

डबा उघडून समोर ठेवला आहे आणि त्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहितो आहे. अक्षर हललं तर क्रेनमुळे.

मॅरेन तुला इस्पितळात भेटून आली. काल तिने मला कामावरून घरी सोडलं. बराच वेळ ती नुसती गाडीचा हीटर वरखाली करत होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

"कमरेत स्क्रू, मांडीत सळई. नर्सला म्हणतो, आता विमानतळावर मला नागडं करून तपासतील."

"माझ्याबद्दल काही बोलला?"

"एल्डन, नको विचारूस."

"सांग."

"म्हणाला, एल्डनला सांग, होतास बाबा तू बरोबर. आता जन्मभर खूश राहा."

हीटर मी बंद केला. मग तीच म्हणाली, "तो तुझ्यावर चिडलेला नाही रे. स्वतःवर चिडलाय. पण स्वतःशी बोलणं बंद करता येत नाही, म्हणून तुझ्याशी केलंय."

घरापाशी उतरताना तिने विचारलं, "तू झोपतोस ना? तोंड बघ तुझं. बर्फात तो पुरला होता की तू?" ती हसली. मी पण हसलो, कारण न हसणं विचित्र दिसलं असतं.

तुला हे सांगायचं आहे की मी खूश नाही.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी क्रम दिला, पण त्यातलं एक राहून गेलं. वहीत बोलणं लिहायला रकाना नाही, म्हणून राहिलं.

आपला दुसरा नियम आठव. कुणीही एक जण 'नको' म्हणाला की सगळ्यांनी परत फिरायचं, कारण विचारायचं नाही. या हिवाळ्यात आपण त्याआधी सहा वेळा गेलो होतो. सहापैकी पाच वेळा 'नको' मी म्हणालो. एकदा धुक्यामुळे, दोनदा खांब लवकर तुटला म्हणून, एकदा कड्याच्या काठावर वाऱ्याने साचलेला बर्फ मला आवडला नाही, आणि एकदा काहीच नव्हतं, फक्त पोटात कसंतरी होत होतं. तुम्ही पाचही वेळा परत फिरलात. कारण विचारलं नाहीत. पण त्यानंतर मला 'नाहीबुवा' म्हणायला लागलात, आणि गोदीवरच्या लोकांनाही ते कळलं.

अकरा तारखेला साधारण ९:२० ला, त्या जळलेल्या देवदाराच्या बुंध्यापाशी तू पाणी प्यायला थांबलास. मॅरेन मागे होती.

"काय नाहीबुवा, आज काय वाटतंय? कावळे काय म्हणतात? तुझं पोट काय म्हणतं?"

"अजून काही पाहिलं नाही," मी म्हणालो.

"पाहशील आणि नको म्हणशील." तू बाटलीचं झाकण लावलंस. "हे बघ, पुढच्या शनिवारी मी आणि मॅरेन दोघंच येऊ. तू झोप काढ. तुझाही जीव शांत, आमचाही."

"चिडलास?"

"चिडलो नाही रे. दमलो."

एवढंच झालं. तू चिडला असतास तर मला चाललं असतं. चिडलेला माणूस दोन दिवसांनी निवळतो. दमलेला माणूस हाक मारायची थांबतो. दहावीनंतर मी शाळा सोडली तेव्हापासून शनिवारी मला कुणी हाक मारत नव्हतं. तू मारलीस, तीही दाराबाहेर भोंगा वाजवून. हे तुला माहीत नसेल, पण त्या भोंग्यासाठी मी शुक्रवारीच बूट वाळवून ठेवत असे.

हे आता लिहायचं कारण एवढंच की क्रमातून सुटलं होतं. बाकी काही नाही. भोंगा झाला, कामावर जातो.

एल्डन


१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९ वाजता

कॉर्बिन,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करतो आहे. पहिल्या दोन कागदांवर खाडाखोड झाली.

काल मी व्हँकुव्हरला आलो होतो. सकाळची फेरी बोट, मग बस. तुझ्या मजल्यावर १:१५ ला पोचलो. तू व्यायामाच्या खोलीत होतास. दाराला काच आहे, तिच्यातून दिसलास. दोन दांड्यांच्या मध्ये चालत होतास आणि पावलं मोजत होतास. आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. अठरा पावलं झाली. अठराव्याला थांबलास, कपाळ दांडीवर टेकलंस आणि तिथल्या माणसाला काहीतरी म्हणालास, त्यावर तो खूप हसला. तू कुठेही असलास तरी तुझ्याजवळ कुणीतरी हसत असतं.

मी आत आलो नाही. आत यायचं ठरवूनच आलो होतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं.

तुझी आई मागून आली. तिने मला मिठी मारली. मी दोन्ही हात बाजूला धरून उभा होतो, ते तिला जाणवलं असेल. आम्ही बाकावर बसलो. तिने पिशवीतून ब्लूबेरीचा मफिन काढून मला दिला, अर्धा नाही, आख्खा, आणि माझ्याकडे बघत राहिली म्हणून मी तो खाल्ला.

ती म्हणाली, "बैठकीपर्यंत तो थांबत नाही म्हणतो. आधीच राजीनामा देणार. मी टाइप केलाय, सही तेवढी राहिलीय."

"का पण?"

"का म्हणजे? मी म्हटलं, अरे तुला आठवत नाही, तर कबूल कशाला करतोस? मला म्हणाला, आई, आकडा तेरा होता. एल्डनला माझ्याबद्दल काय वाटेल ते बोलू दे, पण आकडा तो कधी चुकवत नाही." ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "त्याच्या वडिलांनी एकवीस वर्षं पथकाचं ते जाकीट घातलं, बाळा. याला पाचच मिळाली. पण तू तिथे होतास म्हणून निदान मला मुलगा मिळाला. मी तुझे उपकार विसरणार नाही."

मग ती म्हणाली, "आत जा ना, बरं वाटेल त्याला."

मी म्हणालो, बोट चुकेल. बोट चुकणार नव्हती. बोट ५:३० ची होती आणि तेव्हा पावणेदोन वाजले होते. धक्क्यावर मी तीन तास बसलो. समोर एक माणूस खेकड्यांचा पिंजरा सोडत होता. त्याने तो सात वेळा वर काढला, एकदाही काही नव्हतं, आणि दर वेळी त्याने तसाच परत सोडला.

सही करू नकोस. हे मी का सांगतो ते या पत्रात लिहिता येत नाही, मी दोनदा प्रयत्न केला. पण सही करू नकोस. बुधवारपर्यंत थांब. मी बुधवारी पुन्हा लिहितो.

एल्डन


१९ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ७ वाजून ५ मिनिटं

कॉर्बिन,

आकडा तेरा होता. मी तुला ओरडून तेवीस सांगितला.

आज कामावर रजा टाकली आहे. टपालघर नऊला उघडतं. तोपर्यंत सगळं लिहून पाकीट बंद करायचं आहे, म्हणजे परत वाचायला वेळ उरणार नाही.

तू खड्ड्यापासून पंधरा पावलांवर होतास, माझ्याकडे पाठ करून. पट्ट्या सोलून काढत होतास आणि शीळ वाजवत होतास. मी एकटाच मोजत होतो. मनगटाच्या दहा झाल्या, काही झालं नाही. कोपराच्या तिसऱ्या टपलीला खांबाचा वरचा भाग सरकला आणि माझ्या गुडघ्यांवर येऊन पडला. मला लगेच कळलं. बर्फ मला वाचता येतो, तेवढं एक मला येतं.

पण तेरा म्हणजे पुन्हा झाडं. म्हणजे सहाव्यांदा माझ्यामुळे. तुम्हाला मोकळा उतार पूर्ण हिवाळ्यात एकदाही मिळाला नव्हता, आणि त्या दिवशी तो समोर होता, कुणाच्याही बोर्डाची रेघ नसलेला, खाली पार धुक्यापर्यंत. तू म्हणाला होतास, दमलो. मी मनात म्हटलं की खड्डा सावलीत आहे, उन्हात बर्फ जास्त घट्ट असेल. मनात म्हटलं, तेरा म्हणजे दहा तर नाही. हे सगळं एका श्वासात झालं. तू शीळ थांबवून, मागे न बघता विचारलंस, "किती रे?"

मी म्हणालो, "तेवीस."

तू वळलास. आलास, माझी टोपी डोळ्यांवर ओढलीस आणि म्हणालास, "नाहीबुवा हो म्हणाला. तारीख लिहून ठेव." मग चॉकलेट मोडून मोठा तुकडा मला दिलास. पुढच्या शनिवारी पलीकडच्या खिंडीकडे जाऊ म्हणालास, तिघं. मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तुला कळावं असं वाटतं, आणि कळू नये असंही.

तू खड्ड्यात डोकावला नाहीस. आपण कुणीच कुणाच्या खड्ड्यात डोकावत नाही. आकडा सांगितला की झालं, तोच तर नियम.

तुला बूट आणि बोर्ड बांधायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत तेवीसचं तेरा करता आलं असतं. 'नको' एवढा एक शब्द पुरला असता. तू कारणही विचारलं नसतंस. मी त्या वेळात वही काढली आणि 'तेरा' लिहिलं. वहीत मला चुकीचं लिहिता येत नाही. हा चांगुलपणा समजू नकोस, ती नुसती सवय आहे. शब्द अडला तरी मी कोश काढल्याशिवाय पुढे जात नाही, तसंच ते.

नंतर पथकाने वही मागितली. तुला काही आठवत नव्हतं. मॅरेनने काही ऐकलं नव्हतं. वहीत तेरा होता आणि तुझी रेघ मोकळ्या उतारावर होती. कुणी मला काही विचारलंच नाही. सगळे म्हणाले, बघा, एल्डनने तर बरोबर नोंद केली होती. मला वाटलं, मी काही खोटं बोललेलो नाही, कागद खरा आहे. असं मी पाच आठवडे म्हणतो आहे.

एक पळवाटही शोधली होती. वाऱ्यामुळे तुला तेरा ऐकू आलं नसेल, असं सांगायचं. पण वहीत 'वारा नाही' असं आहे, माझ्याच अक्षरात.

तू नियम मोडला नाहीस. तेवीसला मोकळा उतार चालतो. तू अगदी नियमाने गेलास. राजीनामा फाडून टाक. बैठकीत मी हे उभं राहून सांगणार आहे. मॅरेनला आज दुपारी सांगणार आहे, तिला ते खोलीभर लोकांसमोर कळायला नको.

मला उत्तर नको.

एल्डन


२७ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं

कॉर्बिन,

कालच्या बैठकीत तू फोनवर होतास, त्यामुळे बरंचसं तुला माहीत आहे. दिसलं नसेल तेवढं लिहितो.

मॅरेन आली होती. गेल्या बुधवारी मी तिला सांगितलं तेव्हा ती गाडी धूत होती. तिने पाण्याची नळी खाली टाकली, बंद केली नाही, आणि पाणी तसंच माझ्या बुटांवरून वाहत राहिलं. मला म्हणाली, "मी तुझ्या शेजारी खणत होते. अकरा मिनिटं. तू मला ओरडून सांगत होतास, इथे खण, तिथे खण. आणि तुला माहीत होतं." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "जा इथून." काल ती खोलीत दाराजवळ उभी राहिली. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी बसली नाही.

फोन नायगार्ड बाईंनी टेबलाच्या मधोमध ठेवला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं. कागद बरोबर नेला होता, पण वाचावा लागला नाही. साधारण दोन मिनिटं लागली. माझं झाल्यावर बाई काही वेळ वहीचं पान बघत होत्या. त्या म्हणाल्या, "वहीत खोटं लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. वहीत खरं लिहून तोंडाने खोटं सांगणारा तू पहिलाच." कुणी हसलं नाही. मग त्यांनी फोनकडे वाकून विचारलं, "कॉर्बिन, तुला काही बोलायचंय?"

तेव्हा तू बराच वेळ बोलला नाहीस. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं की लाइन गेली. एकाने फोन उचलून पाहिला. मला माहीत होतं की तू आहेस, तुझा श्वास ऐकू येत होता.

मग तू विचारलंस, "तू कुठून उतरणार होतास?"

बाईंना प्रश्न कळला नाही. मॅरेनला कळला. तिने दाराजवळून मान वर केली.

महिन्यापूर्वी मी तुला लिहिलं होतं की तुझ्या मागून उतरायच्या तयारीत होतो. गेल्या बुधवारी सगळं लिहिलं, पण त्या वाक्याला हात लावला नाही. तू ती दोन्ही पत्रं जवळ ठेवून वाचली असणार.

मी म्हणालो, "झाडांतून."

नायगार्ड बाई म्हणाल्या, "म्हणजे काय?"

मी सांगितलं. तू बूट बांधत असताना मी सरकत उजवीकडे गेलो होतो, पहिल्या झाडापर्यंत. बोर्ड तिकडेच तोंड करून बांधला होता. तुला सांगणार होतो की माझी मागची पट्टी सैल आहे, मी हळूहळू झाडांतून येतो, खाली भेटू. ते वाक्य तयार होतं. तू विचारलं नाहीस, हात वर केलास आणि गेलास. मी तिथून बघत होतो. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. माझ्या पायांनी तेवीसवर एक क्षणसुद्धा विश्वास ठेवला नव्हता.

मॅरेन खोलीबाहेर गेली. दार तिने हळू लावलं.

तू म्हणालास, "बरं." नंतर म्हणालास, "नायगार्ड बाई, राजीनाम्याची तुम्हाला पाठवलेली प्रत रद्द समजा. मला डोंगरावर उभं राहता यायला सप्टेंबर होईल. तोवर जाकीट कुणाला देऊ नका."

त्या म्हणाल्या, "दिलं कुणी होतं? आईला सांग, खांदे उसवलेत, मी शिवून ठेवते." मग फोन बंद झाला. माझ्याशी तू बोलला नाहीस, आणि मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. खरं सांगायचं तर ठेवली होती.

वसंतातल्या प्रशिक्षणासाठी पथकाकडे मी अर्ज दिला होता, तो परत घेतला. बाई म्हणाल्या, "मी नाकारायची वाट तरी बघायचीस." वही त्यांच्याकडे राहिली. ती त्या नव्या मुलांना वाचून दाखवणार आहेत, खड्ड्याचं पान आणि त्यापुढे जे वहीत नाही ते. मी परवानगी दिली. एक अटही घातली की माझं नाव घ्यावं.

आता नियम असा झाला आहे की आकडा सांगितल्यावर दुसऱ्याने खड्ड्यात उतरून तुटलेला थर हाताने पाहायचा. मॅरेनने सुचवलं असं ऐकलं. मी तिच्याकडून ऐकलं नाही, दुकानात कुणीतरी बोलत होतं.

शनिवारी मी गोदीवर जादा पाळी घेतली आहे. यापुढे सगळेच शनिवार.

सोबत पोस्टाची मनीऑर्डर आहे. हिशेब खाली दिला आहे. दोनदा तपासला आहे.

११ जानेवारी, पेट्रोल, मॅरेनच्या गाडीचं: ९६ डॉलर. तिघांत प्रत्येकी ३२. तुझ्याकडे फक्त जातानाचे १६ धरले, परत तू हेलिकॉप्टरने गेलास. उरलेले १६ माझ्याकडे.
तू सकाळी गाडीत वीसची नोट दिली होतीस: तुला परत ४ डॉलर.
बचावाच्या वेळी कापलेलं तुझ्या अंगातलं जाकीट: ३४०. विजार: २१०. बोर्डाची पट्टी: ४५.
एकूण तुला देणं: ५९९ डॉलर.
सोबत पाठवलेले: २५०.
१५ फेब्रुवारी, बोट आणि बस, जाऊन-येऊन: ७८.५०. १९ फेब्रुवारी, जलद टपाल: २२.४०. हे दोन्ही माझे, हिशेबात नाहीत.
पेट्रोलचे माझे ४८ डॉलर मॅरेनच्या दारात पाकिटात ठेवले होते. पाकीट परत आलं. देणं आहे.
तुला बाकी: ३४९ डॉलर. मार्चअखेर २००, एप्रिलअखेर १४९.

एल्डन